औषध तेच, लुगडं नवं

बातमी आली तेव्हा मी पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांची वजाबाकी शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी फोन आहे, कन्हानहून." कन्हानला माझं कोणीच नाही. फोनवर एक अनोळखी गृहस्थ होते. मनोहरच्याच धंद्यातले, दुसऱ्या एका औषध कंपनीचे. मनोहरच्या घरी फोन नाही, म्हणून शेजारची शाळामास्तरीण या नात्यानं माझ्या शाळेचा नंबर त्यानं आपल्या दोस्तांना देऊन ठेवला होता. ते म्हणाले, "मनोहरभाऊ गेले." मी विचारलं, "कुठे?"... त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू. मग मला कळलं. मी वर्गात परत आले, फळ्यावर अर्धी राहिलेली वजाबाकी पूर्ण केली, मुलांना ती उतरवून घ्यायला सांगितली आणि मग पर्स घेऊन निघाले.

तो कसा गेला ते नंतर समजलं. औषध कंपनीच्या माणसाला, म्हणजे एमारला, डॉक्टर सगळ्यांत शेवटी आत बोलावतात. पेशंट संपले की मग त्याची पाळी. त्यामुळे बाकावर बसल्या बसल्या, मांडीवर बॅग ठेवून झोप काढायची कला या लोकांना येते. "घोडा उभ्यानं झोपते, एमार बसल्यानं झोपते," असं मनोहर म्हणायचा. कन्हानच्या त्या दवाखान्यात तो असाच बसला होता. पेशंट आत जात राहिले, बाहेर येत राहिले. एका बाईनं तर आपलं तापातलं लेकरू त्याच्या शेजारी टेकवून ठेवलं. साहेब डुलकी घेताहेत, असंच सगळ्यांना वाटलं. शेवटचा पेशंट गेल्यावर कंपाउंडर "या साहेब" म्हणाला, तेव्हा तो उठला नाही.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी या सगळ्या आठवड्यांत झालं आहे. शाळेतून घरी येताना रिक्षात माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता रविवारी आईच्या गोळ्या कोण पाहणार. एखाद्याच्या मरणावर हा विचार फार लहान आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आमच्या घरात मनोहर म्हणजे काय, ते या लहान विचारातच मावतं. म्हणून तेच सांगते.

उत्तर नागपुरात आमच्या आणि त्यांच्या खोल्या एका ओळीत, मध्ये एक भिंत. छप्पन साली दीक्षेला माझी आई आणि त्याची आई पांढरी लुगडी नेसून बरोबरच गेल्या होत्या. दहाएक वर्षांचा मनोहर त्यांच्यामागून धावत होता. आमच्या ओळीतला बी.एस्सी. झालेला तो पहिला. अडुसष्टच्या सुमारास त्याला औषध कंपनीत नोकरी लागली आणि नागपूरच्या मे महिन्यात तो टाय बांधून, हातात चामड्याची जड बॅग घेऊन घराबाहेर पडू लागला. माझी आई दारात तांदूळ निवडत असायची. "काय गा मनोहर, गळ्यात हे दावं कोनी बांधलं?" ती विचारायची. "कंपनीनं, मावशी. चारा बी तेच देते," तो म्हणायचा आणि हसत सायकलवर टांग टाकायचा.

माझे वडील कापड गिरणीत होते, ते लवकर वारले. मी एका खाजगी शाळेत नुकतीच लागले होते. तिथला पगार कधी होईल याचा संस्थाचालकांनाही पत्ता नसायचा. त्यातच आईचे पाय सुजू लागले. दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. धंतोलीतल्या एका हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, लहानपणच्या तापानं झडप खराब झाली आहे. अंगातलं पाणी काढायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर, खंड पडू द्यायचा नाही. मी चिठ्ठी घेऊन समोरच्या दुकानात गेले, किंमत ऐकली आणि अर्धंच औषध द्या म्हणाले. मागून आवाज आला, "काहून वं शकूताई, अर्धंच काहून घेऊन राहिली?" मनोहर होता. पगार झाला की उरलेलं नेईन, असं मी काहीतरी पुटपुटले. तो म्हणाला, "अन् तोवर मावशीची सूज थांबून राहीन काय?" त्यानं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, वाचली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मला त्याचा राग आला होता. असं कोणी आपली गरज भर दुकानात उघडी केली की येतो, तसा.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोळ्या आणून दिल्या. त्या कुठून आल्या ते मला हळूहळू समजलं. डॉक्टरांना द्यायला म्हणून कंपन्या या लोकांना औषधाची लहान लहान पाकिटं देतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. पण एका कंपनीच्या माणसाजवळ दम्याचं औषध, दुसऱ्याजवळ फिट्सचं, तिसऱ्याजवळ हृदयाचं. आपल्याला हवं ते नेमकं दुसऱ्याच्या बॅगेत. म्हणून मनोहरनं धंतोलीतल्या एका चहाच्या टपरीवर बदलाबदलीचा बाजारच सुरू केला होता. संध्याकाळी दवाखाने उघडायच्या आधी ही टायवाली मंडळी तिथे जमायची. कोणाच्या ओळखीत कोणता पेशंट अडला आहे ते सांगायची आणि बॅगा उघडायची. बाहेर फूटपाथवर विदर्भातून आलेली माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन बसलेली असायचीच. मनोहर त्यांच्या चिठ्ठ्या वाचायचा. कोणाला परत डॉक्टरांकडे पाठवून तेच औषध स्वस्त कंपनीचं लिहून आणायला सांगायचा, कोणाला इतवारीतल्या एखाद्या धर्मादाय दवाखान्याचा पत्ता द्यायचा. नरखेडकडचा एक म्हातारा त्याला हंगामात संत्री आणून द्यायचा, ती आम्हीही खाल्ली आहेत. काही एमार हीच पाकिटं दुकानदारांना विकतात, असं मी ऐकलं होतं. एकदा त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "त्यावर छापलंच हाय ना, विकायची नाही म्हनून. वाटायची नाही, असं कुठं छापलं हाय?"

आईची गोळी दर वेळी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची असेल, हे आमच्या डॉक्टरांना त्यानं सांगून ठेवलं होतं. औषध तेच आणि ताकद तेवढीच असली म्हणजे झालं, असं ते म्हणाले होते. डॉक्टरांना कळलं, मनोहरला कळलं, मलाही कळलं. फक्त ज्या बाईनं गोळ्या घ्यायच्या तिला सांगायचं आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाच सुचलं नाही.

आईला पांढऱ्या गोळ्या ठाऊक होत्या. त्या बदलाबदलीत एकदा गुलाबी आल्या. मी सकाळी शाळेत जाताना पाकीट तिच्या उशाशी ठेवून गेले. पंधरवड्याच्या आत आईचे पाय पुन्हा खांबासारखे झाले आणि एका सकाळी तिला आडवंच होता येईना. सरकारी दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली. घरी तिची लुगडी घ्यायला आले तेव्हा तुरीच्या डब्यात मला त्या गुलाबी गोळ्या सापडल्या. सगळ्याच्या सगळ्या, नीट कागदात गुंडाळलेल्या. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी मनोहरला जवळ बोलावलं. "त्या गुलाबी गोळ्या कोनाच्या तरी चुकून आपल्याकडे आल्या गा," ती धापा टाकत म्हणाली. "ते बिचारं वाट पाहत असन. मी सांभाळून ठेवल्या. ज्याच्या त्याले देऊन टाक."

मनोहर वॉर्डाबाहेर येऊन जिन्यावर बसला. टाय काढून त्यानं खिशात कोंबला होता. "तिनं दुसऱ्यासाठी ठेवल्या वं शकूताई," तो म्हणाला. "अन् मी समजत होतो, का मी लय हुशार." मी त्याच्याशेजारी बसले. आई त्या वेळी वाचली. ती वाचली नसती, तर मनोहर पुन्हा त्या टपरीवर गेला असता असं मला वाटत नाही.

आई घरी आली त्या रविवारी सकाळीच तो आला. आईच्या खाटेशेजारी आमची पत्र्याची ट्रंक आहे. एरवी तिच्यावर तांब्या, चष्मा, माझ्या वह्या, सगळं पडलेलं असतं. त्यानं ते सगळं उचलून खाली ठेवलं आणि ट्रंकेवर बसला. नवं पाकीट खिडकीच्या उजेडात धरून त्यावरचं नाव वाचलं, पहिली गोळी काढून आईच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, औषध तेच हाय. लुगडं नवं हाय." आई हसली आणि तिनं गोळी घेतली. तेव्हापासून हे दर रविवारी. गोळी पिवळी असली की "ही लग्नाहून आली, हळदीची हाय," असं तो सांगायचा. गुलाबी असली की "ही सासुरवाशीन हाय, दोन दिवस सांभाळून घे." दौऱ्यावर जायचा असला तर शनिवारीच येऊन जायचा.

एकदा मात्र आईनं त्याला पेचात पकडलं. ती गोळी हातात घेऊन म्हणाली, "काय गा, छप्पन साली मी अन् तुह्या मायनं लुगडं बदललं होतं. आमी मंग तेच राहिलो काय?" बोलण्यात कोणाला न हरणारा माणूस, पण त्यानं पाकीट पुन्हा उजेडात धरून वाचलं. मग म्हणाला, "नाही मावशी. ताकद वाढली." "मंग हिची बी वाढली असन," म्हणत आईनं गोळी गिळली. त्या दिवशी तिघंही खूप हसलो होतो. ते हसणं मला नीट आठवतं. फक्त आठवताना काही होत नाही.

आमच्या घरात नियमच झाला. कोणतंही औषध आलं की आई विचारणार, "मनोहरले दाखवली काय?" गोळीच काय, मी नव्या दुकानातून चहापत्ती आणली तरी हाच प्रश्न. मी चिडायचे. मी शिकलेली, मी कमावती, पण भरवसा मनोहरच्या डोळ्यांवर! पुढे माझी नोकरी पक्की झाली, पगार वेळेवर होऊ लागला आणि मी आईचं औषध विकत घेऊ लागले. सॅम्पल आता दुसऱ्या कोणाला दे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं येऊन ट्रंकेवर बसला. मी दुकानातून आणलेली गोळ्यांची पट्टी त्यानं उजेडात धरून वाचली आणि पहिली गोळी आईच्या हातावर ठेवली. त्याचं लग्न झालं, केसांत पांढरं दिसू लागलं, पण रविवार चुकला नाही.

शेवटच्या रविवारी तो डावा खांदा चोळत होता. "बॅगनं भरून आला हाय," म्हणाला. आईनं त्याला खाली बसवून खांद्याला तेल लावलं. "बॅग दुसऱ्या हातात धरत जा ना गा," ती म्हणाली. "तसंच करतो," तो म्हणाला. त्यानं जाताना खरंच बॅग उजव्या हातात घेतली. इतकी वर्षं बॅग वाहणाऱ्याचा खांदा दुखणारच, यात विचारण्यासारखं काय आहे? आम्हाला काही वाटलं नाही. त्यालाही वाटलं नाही. जगाची औषधं ठाऊक असलेला माणूस... असो.

त्याला घरी आणलं तेव्हा आई भिंतीला धरत धरत त्यांच्या खोलीत गेली. तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला, त्याच्या बायकोजवळ, पुष्पाजवळ, संध्याकाळपर्यंत बसून राहिली. काही दिवसांनी टपरीवरचे त्याचे दोस्त आले आणि पुष्पाला विचारून बॅगेतली पाकिटं घेऊन गेले. कोणत्या पेशंटला काय द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मागच्या रविवारी आईची पट्टी संपली. दुकानात नेहमीच्या कंपनीची गोळी नव्हती. दुकानदारानं चिठ्ठी पाहून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. ही गोळी फिकट हिरवी होती. घरी येईपर्यंत मी मनात शब्द जुळवत होते आणि एकही जुळत नव्हता. आईनं पट्टी हातात घेतली. तिला वाचता येत नाही, तरी तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "मनोहरले दाखवली काय?"

त्याच्या कपाळावर हात फिरवून आलेली माझी आई. तिला सगळं ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले.

"काय म्हनला?"

"औषध तेच हाय म्हणाला... लुगडं नवं हाय."

आईनं तळहात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली. तिनं ती पाण्याबरोबर घेतली आणि सवयीनं पेला ट्रंकेवर ठेवायला वाकली. मग तशीच थांबली आणि पेला परत माझ्या हातात दिला. रविवारी ट्रंकेवर आम्ही काही ठेवत नाही.