अंगठेवाल्या आधी बोलतात

ये सुनंदा, सरक जवळ. पुण्याला राहतेस म्हणून कान धरता येणार नाही असं समजू नकोस. आपल्या युसूफ वडगावच्या महिला पतसंस्थेची मी चिटणीस, तू सभासद, आणि लागोपाठ दोन सभांना तोंड दाखवलं नाहीस. असं असतं का बाई? बस, बीडला जाऊन आले त्याचं सांगते.

देशभरच्या पतसंस्थांचा एक महासंघ आहे. आपल्या चिमुकल्या संस्थेचं दिल्लीत कोण ऐकणार? म्हणून सगळ्यांच्या वतीनं त्यानं बोलायचं, एवढ्यासाठी तर आपण त्यात. आणि त्यानंच सरकारला द्यायची शिफारस लिहिली, लहान संस्था मोठ्यांत विलीन करा! महासंघाच्या बीडच्या मेळाव्यात त्यावर बोलायला आपल्याला पाच मिनिटं दिली होती.

बोलणार होती बांगड्या विकणारी रुक्मिणबाई. आपली रीतच आहे ना, जाजमावर बसायचं आणि सही न येणाऱ्या अंगठेवाल्यांनी आधी बोलायचं. शिकलेल्या आधी बोलल्या की अंगठेवाल्या गप्प होतात.

केजहून एसटी धरली. रुक्मिणबाई वाटभर भाषण पुटपुटत होती. मांजरसुंब्याच्या घाटात तिला मळमळलं, आवळासुपारी दिली. पालीपाशी धरणाचं पाणी चमकलं तशी म्हणाली, "आक्का, म्या इसरले तर?"

"बांगड्या इकताना बोलतीस तसं बोल," मी म्हणाले.

बीडला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन सभागृह गाठलं. तिथं सत्कारच सत्कार! आधी सगळ्यात मोठी संस्था, मग तिच्याहून लहान, असं उतरत उतरत दुपार झाली. जेवण उभ्यानं. आम्ही पायऱ्यांवर बसून ज्वारीचे तिखट धपाटे खाल्ले.

आमचं नाव पुकारलं तेव्हा व्यासपीठावर वायर गुंडाळणारा एकटा उरला होता. संयोजक म्हणाले, "मावशी, वेळ संपली. शाल घ्या, फोटो काढू."

"शाल कावून?" रुक्मिणबाई म्हणाली. "मला थंडी न्हाई वाजत. म्या बोलायला आलेय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. महासंघाचे दिल्लीचे साहेब गाडीत बसत होते, तिला घेऊन मी तिकडं धावले. हातात चप्पल बघून ते दोन पावलं मागं सरले. सरू देत!

रुक्मिणबाई गाडीपाशीच बोलली. "सायेब, मोठ्या संस्थेत गेलते म्या. खिडकीवाला म्हनला, फारम भरून आन. आमच्यात आक्का माझं आयकून लिहिती. तुमी आमाला मोठ्यात घातलं, तर माझं कोन आयकायचं?"

साहेब म्हणाले, "पण तुमच्याकडून हरकतच आली नाही."

"मग आज काय आमी ऊन खायला आलो?" मी म्हणाले.

"सभेचा ठराव द्या. शिफारस जायच्या आत आला, तर मी ती अडवतो."

परतीला घाट चढताना तोंडात शिव्याच होत्या. ज्यानं आपलं तोंड व्हायचं, त्यानंच आपलं तोंड दाबलं! पण मांजरसुंबा मागं पडला आणि मला आठवलं, हरकतीचा ठराव आपण सभेपुढं दोनदा ठेवला होता. दोन्ही वेळा गणपूर्तीला लागतील तेवढ्या सभासद आल्या नाहीत, सभा मोडली. तेव्हा निम्मा राग घरी आणलाय, तुझ्या वाटणीचा.

येत्या रविवारी सभा आहे. जाजम झटकून ठेवते, धपाटे करते. सभेला ये बाई लवकर. बोलायचं मात्र रुक्मिणबाईनंतर.