धुरीचं कपाट

गारमास्तरांच्या खिशात कागदाची एक पट्टी कायम असायची. बोटभर रुंद, वीतभर लांब. फ्रिजच्या दारात ती धरायची, दार लावायचं आणि हळूच ओढायची. निसटली तर दाराचं रबर गेलं. अडकून राहिली तर दार पक्कं. अडतीस वर्षं फ्रिज दुरुस्त करताना त्यांनी ही परीक्षा घेतली आणि मुंगी जाईल एवढीही फट कुठल्या दारात मागे ठेवली नाही. लोक म्हणत, मास्तरांनी बसवलेलं दार म्हणजे कंजुषाची मूठ.

मग हात कापायला लागले. आधी उजवा, पुढे दोन्ही. तांब्याच्या नळीला डाग देताना ज्योत भलतीकडे जाऊ लागली, तेव्हा मालकाने एका दुपारी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवून चहा दिला. चहा संपायच्या आत दुकानातल्या सगळ्यांना कळलं होतं.

घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातलं जे जे सैल होतं ते घट्ट केलं. नळ, बिजागऱ्या, बरण्यांची झाकणं.

"अहो, मीठ काढायला आता पैलवान बोलावू का?" बायकोने विचारलं.

त्यांना हसू आलं नाही. एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. हजारो यंत्रं हाताखालून गेली, पण त्यांतलं एकही आपण केलेलं नव्हतं. सगळी दुसऱ्यांची, तीही बिघडलेली. म्हणूनच मटणाचं दुकान चालवणारा मेहुणा एकदा जेवायला आला आणि म्हणाला, "दाजी, मांसाला धुरी द्यायचं विजेवरचं यंत्र बघून आलोय, घ्यावं म्हणतो," तेव्हा यांच्या तोंडून शब्द निघून गेला.

"तयार कशाला? मी करतो की."

मेहुण्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हातांकडे. "करा. महिनाभर थांबतो. शेवटच्या रविवारी येऊन खाऊन बघेन. जमलं तर दुकानात तुमचंच यंत्र. नाही जमलं तर सोमवारी दुसरं येईल. चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले. नाही म्हणून सांगणार कुणाला!

मागच्या जिन्यालगतच्या बाल्कनीत एक मेलेला फ्रिज उभा होता. त्यांनी त्याचं आतलं प्लास्टिक उपटलं, फोम खरवडून काढला, त्या जागी उष्णता अडवणारं ग्लासवूल ठासलं आणि वरून स्टीलचा पत्रा रिव्हेट मारून बसवला. जे काम पूर्वी एका दुपारचं, त्याला आठ दिवस लागले. रिव्हेट बोटांतून उडायची, जिन्यातून टणटण करत खाली जायची आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण ती ओंजळीत घेऊन वर यायची. "मास्तर, तुमचे मोती." तळाशी शेगडीची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचं पातेलं, वर मांसासाठी जाळ्या आणि बाहेर उष्णता राखणारा थर्मोस्टॅट. दाराला बेकरीच्या भट्टीला लावतात ते उष्णता सोसणारं रबर. पट्टी लावून पाहिली. अशी अडकली की ओढताना फाटली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

पहिल्या दिवशी मांस आत ठेवून ते स्टुलावर बसले. तासाभराने दार उघडलं तर सगळं जसंच्या तसं, गार. कॉइल तपासली, वायर बदलली, फ्यूज बदलला. दुपारी लक्षात आलं की हातांनी सवयीने थर्मोस्टॅट फ्रिजसारखा जोडला आहे. गरम झालं की चालू, गार असेल तर बंद. आत गारच होतं, म्हणून ते इमानदारीत बंद बसलं होतं.

"म्हणजे पुन्हा फ्रिजच केलात," बायको म्हणाली. ती हसली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

जोडणी उलटी केली. आता धूर झाला, पण कसा? दाट, पांढरा, कोंडलेला. ढलप्या पेटायच्या, गुदमरायच्या आणि विझायच्या. दार उघडलं की आतल्या छताला काळे थेंब लटकलेले आणि तेच टपटप मांसावर पडलेले. चव अशी, की विझलेला कोळसा चाटावा. मास्तरांनी एक घास खाल्ला आणि थुंकला.

"कुठूनतरी गळतंय," ते म्हणाले. अडतीस वर्षांत यंत्र बिघडलं की याच दोन शब्दांनी सुरुवात व्हायची. त्यांनी कोपऱ्यांत सिलिकॉन भरलं. दुसऱ्या खेपेला मांस अधिक कडू. रबराचा दुसरा थर बसवला. तिसऱ्या खेपेला शिंपिणीचं मांजरसुद्धा तुकडा हुंगून निघून गेलं. मग वायरीच्या भोकातही त्यांनी खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली. पट्टी आता हलतसुद्धा नव्हती, आणि मांस दर खेपेला जास्त काळं, जास्त ओलं. मास्तर घरात कुणाशी बोलेनासे झाले. रात्रीच्या जेवणात पहिला घास घेण्याआधी तो हुंगू लागले.

"अहो, सोडा ना आता. माझा भाऊ काय फाशी देणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"नाही कळत. आणि तुम्हाला तरी कुठे कळतंय!"

शनिवारी, शेवटच्या दिवशी, मांस धुरीला लावून ते आणखी रबर आणायला बाजारात गेले. जाताना बजावलं, "दाराला हात लावायचा नाही." तासाभराने परत आले तर कपाटाच्या दारात बायकोचा ओटा पुसायचा फडका अडकलेला. दार करंगळीएवढं उघडं, आणि त्या फटीतून निळसर धुराची बारीक रेघ सुखाने बाहेर चाललेली.

"हे काय केलंस!" आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "सांगितलं होतं ना! एक गोष्ट, एकच गोष्ट सांगितली होती!"

"विझलं का बघायला दार जरा उघडलं, लावताना फडक्याचा कोपरा अडकला असेल. दिसलं नाही मला."

"दिसलं नाही! महिन्याची मेहनत—"

त्यांनी दार ओढलं. मांस उचलून कचऱ्यातच टाकणार होते, पण हात थांबला. तुकडा कोरडा होता. तांबूस तपकिरी, कडेला चमक. छताला एकही थेंब नव्हता. पातेल्यातल्या ढलप्या संथपणे धुमसत होत्या. त्यांनी कडेचा लचका तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

बायको फडका पिळत उभी होती. "कुकरलासुद्धा शिट्टी असते, अहो," ती हळूच म्हणाली.

मास्तर स्टुलावर बसून राहिले. महिनाभर दर खेपेला आपण नेमकं उलटं करत होतो, आणि तेही मन लावून. यंत्राचा गळा आपणच दाबला. चिडायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

मग त्यांनी ड्रिल घेतलं. कपाटाच्या तळाशी, बाजूच्या पत्र्यावर टोक टेकवलं. हात कापत होते. पत्र्यावर टोक तीनदा घसरलं, तीन ओरखडे पडले. बायकोने येऊन त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. ड्रिल पत्र्यातून आरपार गेलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. दुसरं भोक वर, छताला. तिथेही तिने मनगट धरलं. कॉइल पुन्हा तापल्यावर त्यांनी खिशातली पट्टी वरच्या भोकाशी धरली. पट्टी थरथरली. हात बायकोच्या हातात होता, तरी थरथरली.

रविवारी मेहुणा आला, एक तुकडा खाल्ला, मग न विचारता दुसरा. तिसरा उचलताना म्हणाला, "उद्या टेम्पो पाठवतो. शिंपीणबाईंना सांगा, जिना मोकळा ठेवायला." आणि मग कपाटाभोवती फिरून, "दाजी, पण ही भोकं? पोरं दुकानात धूर बघून बोळा कोंबतील हं."

"कोंबतील," मास्तर म्हणाले. आपण असतो तर आपणही कोंबला असता, हे त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी टेम्पोची वाट बघताना त्यांनी जाड मार्कर घेऊन दारावर लिहिलं: भोकं बुजवू नयेत. एवढं लिहायला बराच वेळ लागला.

"अक्षर वाकडं आलंय," बायको म्हणाली. "पुसून मी लिहू का?"

"राहू दे," मास्तर म्हणाले.