कूलरचं पाणी आणि मेलेला पहारेकरी

आमच्या घरी उन्हाळाभर कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं, हे पत्त्यांवर ठरतं : जो हरेल, त्याने. नागपुरात राहणाऱ्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. माझ्या लेकीने, जुईने, आणलेले. त्यांवर गरुड, राक्षस, पहारेकरी अशी चित्रं. प्रत्येकाची एक करामत आणि प्रत्येक करामतीला किंमत. 'किंमत आधी मोजायची,' जुईने बजावलं होतं, 'करामत मागून होते. मधात समोरच्याले उत्तर देता येते. आणि हातातले पत्ते उताणे टाकले, का डाव सोडला.' मी मान डोलावली. (कळलं नव्हतं. पण बर्डीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात आयुष्य काढलं की मान आपोआप डोलते.)

जुई पंच. मी आणि माझी बायको वंदना समोरासमोर. तिच्या गरुडाने मला सळो की पळो केलं होतं. मी माझा पहारेकरी उचलला, किंमत म्हणून मेलेल्यांच्या ढिगात ठेवला आणि म्हणालो, "याच्या बदल्यात तुहा गरुड खतम."

"थांबा. माहं उत्तर आहे," वंदना म्हणाली. तिने तोच गरुड स्वतः ढिगात टाकला आणि त्याच्या किमतीवर दोन नवे पत्ते ओढले.

"आता मी कोणाले मारू?"

"कोणालेच नाही, बाबा. गरुड गेला ना आधीच," जुई म्हणाली.

"मंग माहा पहारेकरी दे वापस."

"किंमत वापस नाही भेटत. तुमच्या दुकानात पाटी काय लावली आहे?"

पाटी मीच रंगवून घेतली आहे : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

एवढ्यात जुईने आईकडे डोळे वटारून पाहिलं. मी ते टिपलं. पदराखाली साडी सरकवणारं गिऱ्हाईक मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखतो.

"इशारे काहून चालू आहेत वं?"

"कोणते इशारे?" दोघी एकदम म्हणाल्या. (निरपराध माणसं एकदम बोलत नाहीत.)

मी वंदनाला बांगड्या काढायला लावल्या. त्या वाजत होत्या. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला. जुई खोकली, तेव्हा तिला तोंडात पाण्याचा घोट धरून बसायला सांगितलं. पंच गाल फुगवून बसला आणि खेळ पुढे सुरू झाला.

आणि माझ्या राक्षसाच्या जोरावर मी जिंकू लागलो. इथेच माझा संशय पक्का झाला. मी किंमत मोजून थांबायचो, वंदना मूठभर पत्ते धरून म्हणायची, "काही उत्तर नाही." आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईकडे उत्तर नाही, असं कधी झालेलं नव्हतं.

आणखी एक घाव, की डाव माझा. पण मी उठलो. "बस झालं. दाखव पत्ते. हे घे, माहेही पाहून घे." आणि माझे पत्ते सतरंजीवर उताणे फेकले.

जुईने घोट गिळला. "बाबा, तुमी डाव सोडला."

"मी तपासणी करून राहिलो."

वंदनाने शांतपणे तिचे पत्ते मांडले. सगळी उत्तरंच होती. माझ्या राक्षसाला केव्हाच झोपवता आलं असतं.

"डॉक्टरनं वाकू नका म्हटलं ना तुमाले?" ती म्हणाली. "यंदा पाणी आमी दोघी भरणार होतो. सरळ सांगितलं असतं, तर तुमी आयकलं असतं?"

"पयल्यांदा आईच्यानं राहवलं नाही, तिनं गरुडाचं उत्तर देऊन टाकलं," जुई म्हणाली. "म्हणून डोळे वटारले मी."

म्हणजे कट होता. मला जिंकवण्याचा. आजवर कोणाजवळ बोललो नाही, पण खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आधी हेच आलं, की एवढं प्रेम काहून?

मी गुपचूप पत्ते गोळा करू लागलो. "वापस घेतो."

वंदना बांगड्या चढवत होती. तिने नुसतं जुईकडे पाहिलं.

"पाटी," जुई म्हणाली.

सध्या पाणी मी भरतो; कंबरेमुळे बादलीने नाही, मगाने. वंदना रोज येऊन हातातला मग मागते. मी देत नाही. ती काहून मागते, ते आधी कळलं पाहिजे.