पाइपावरचे तीन टोले

आमच्या मावशीला कुणी गरीब गाय म्हटलं की मला हसूच फुटतं. ती शिवणकाम करते, आणि हातातल्या कात्रीपेक्षा तोंड जोरात चालवते. घरमालकाला भर जिन्यात गाठून तिने त्याची अशी बिनपाण्याने केली, की तो आता भाडं न्यायला बायकोला पाठवतो. पण वायर काही त्याने बदलली नाही. आमची खोली आणि वरची खोली, दोन्हींना मिळून एकच जुनाट वायर. खाली इस्त्री आणि वर हीटर एकदम लागले की फ्यूज उडालाच समजा. मग वायरमन उगवेपर्यंत दोन दिवस अंधार.

वरच्या खोलीत मास्तर राहतात. निवृत्त, एकटे, छातीने कमजोर. थंडीत खोली गरम ठेवा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं. म्हणून दोघांनी एक रीत पाडली. मास्तरांनी पाण्याच्या पाइपावर तीन टोले दिले की मावशी इस्त्री बंद करणार. तासाभराने तिने दिले की ते हीटर बंद करणार. "वाजली बाई मास्तरांची घंटा," असं पुटपुटत मावशी इस्त्री उभी करायची आणि काजं करायला घ्यायची.

त्या दिवशी हॉटेलचे साठ कोट दुपारी दोनला द्यायचे होते. "उशीर झाला तर पुढचं काम दुसरीकडे!" हॉटेलचा माणूस सकाळीच जिन्यात ओरडून गेला. अख्ख्या इमारतीने ऐकलं. मावशीने दहाला इस्त्री लावली. अकरा वाजले तरी टोले नाहीत.

"मावशी, मास्तरांनी आज..."

"गप गं! आठवण करून देऊ नकोस."

खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटलं. बारा वाजले, एक वाजला. मावशीने एकदाही मान वर केली नाही. दोनला माणूस गठ्ठा घेऊन गेला, आणि मावशी अनवाणीच जिना चढली.

मास्तर खाटेवर पडलेले. होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर, ओठ निळे, छातीत शिट्टी वाजत होती. खुर्चीत बसवून आम्ही त्यांना खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे मावशी घरमालकाला, वायरला, मला, सगळ्यांना बोल लावत होती. स्वतःला सोडून.

पंधरा दिवसांनी मास्तर घरी आले. मावशीने वर जाऊन स्वतःच्या हाताने हीटर लावला.

"तू आलीस म्हणून वाचलो बाई," मास्तर म्हणाले.

मावशीचा चेहरा पडला. "मला अकरालाच कळलं होतं, मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही गारठत असणार हे कळत होतं. तरी मी कोट संपवले, आणि मग आले."

"ठाऊक आहे मला." मास्तरांनी छताच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "तुझी इस्त्री लागली की हा मंद होतो. त्या दिवशी याच्याकडेच बघत पडलो होतो. म्हटलं, हा उजळला की तुझं काम झालं, मग हीटर लावू. उजळला तेव्हा उठताच येईना."

"अहो, मग टोले द्यायला काय हात मोडले होते का तुमचे!" मावशी ओरडली, आणि त्यांच्या खाटेला डोकं टेकून ढसाढसा रडली.