हात बघून काठी

दादा लढाईवरून दिवाळीच्या सुमारास परत आला आणि आमच्या घरात सगळ्यांना एक वाक्य पाठ झालं. "हाताला जरा लागलंय." आई शेजारणींना हेच सांगायची, वडील चावडीवर हेच सांगायचे, आणि मिरजेहून सुट्टीला आलो की मीही हेच सांगायचो. खरं तर माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात कोपराखाली चार बोटांएवढाच उरला होता, बाकीचा गेला होता. एरवी दिवसातून दहादा "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणणाऱ्या आईने ती म्हण तेव्हापासून सोडून दिली. दादा चैत्राच्या उन्हातही खांद्यावरून शाल घेऊन सोप्यात बसायचा. कुणी आलं की उठून आत जायचा.

लढाईआधी हा माणूस घरात सापडायचा नाही. शेतातलं काम उरकलं की गळ घेऊन कृष्णेच्या काठाला. मरळ हा त्याचा मासा. ती लव्हाळ्यात दबा धरून बसते, आणि समोर बेडकी नाचवली की झडप घालते. मला मासा खायला कळतो, धरायला नाही. मी मिरज स्टेशनावर मालाच्या पावत्या लिहिणारा कारकून. पण दादा पुन्हा नदीवर बसला तरच आमचा दादा आम्हाला परत मिळेल, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. त्याची जुनी काठी आढ्याला टांगलेली होती. खाली काढली तर भुंग्यांनी पोखरलेली, हलवली की पिठी गळायची. नवी आणायची असं मी त्याला न विचारताच ठरवलं. विचारलं असतं तर हाताचा विषय निघाला असता.

पाटणच्या बाजारामागे एक म्हातारा बुरूड राहायचा. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत ठेचकाळत मी त्याच्याकडे पोचलो, तेव्हा तो पाटी विणत होता. झोपडीमागे त्याने बांबूच्या काठ्या भारे बांधून उभ्या केल्या होत्या. मी त्यातली एक सरळ, पिवळीधमक काठी ओढली.

"ती ठिवा," तो मान वर न करता म्हणाला. "कवळी हाय. पहिल्या सालची. वाळली की सुरकुततीया."

मग तो उठला. एकेक काठी नखाने वाजवून बघू लागला. ही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेली, हिला भुंगा लागायचा नाही. हिची पेरं लांब, मासा जड लागला की पेरातच मोडेल. शेंडा जमिनीला टेकवून त्याने बुडाकडून भार दिला आणि काठी कुठे वाकते ते मला दाखवलं. बुडाला ताठ आणि शेंड्याला मऊ, अशी ती हवी. मी शाळकरी पोरासारखा मान डोलवत होतो.

"आता हात दावा," तो म्हणाला. "धरणार कोण? हात बघितल्याबिगर मी काठी देत न्हाई."

सांगायला काय हरकत होती? तिथे मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. पण जीभ रेटेना. "मीच," म्हणालो आणि माझे दोन्ही हात पुढे केले. त्याने मनगटापासून खांद्यापर्यंत दोरी लावून माप घेतलं, दीड पुरुष उंचीची झकास काठी निवडली, विस्तवावर शेकून तिचा बाक काढला. मी ती मिरवत घरी आणली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दादाने ती डाव्या हातात घेतली. शेंडा खाली गेला आणि अंगणाला टेकला. त्याने मूठ वर सरकवून पाहिली, तर बूड बरगडीला लागलं.

"सवय हुईल," मी म्हणालो.

"बुरडाला काय सांगितलंस?"

मी काठीची पेरं मोजू लागलो.

"तुलाच पायजे म्हणून सांगितलंस न्हवं? मग तूच धर." त्याने काठी भिंतीला टेकवली आणि आत गेला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला आधी त्याचाच राग आला, एवढा पाटणला जाऊन आलो म्हणून. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा वाईट होती. त्याचा हात लढाईने नेला होता. उरलेला माणूस आम्हीच शालीखाली झाकून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "पाटणची मोटार कवा हाय?"

बुरडासमोर दादाने स्वतःहून शाल बाजूला केली. म्हाताऱ्याने तो हात नीट पाहिला, कोपर वाकवून पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पावनं, हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" मग दादाला म्हणाला, "कोपर हाय न्हवं? मग बूड टेकायला जागा हाय." त्यानंतर ते दोघंच बोलत होते. आठ काठ्या धरून बघून झाल्या. नववी आखूड होती, बुडाला चपटी. दादाने बूड कोपराच्या बेचक्यात दाबलं, पुढे डाव्या हाताने धरलं आणि झटका दिला. शेंडा सप्पकन वर आला. दादा हसला. मला रडू आलं. मी पाट्यांचा भाव विचारत बसलो.

परतीच्या मोटारीत त्याने पुन्हा शाल पांघरली. कोरेगावकडचा एक शेतकरी समोर बसला होता. त्याने काठी न्याहाळून मला विचारलं, "लय आखूड घेतलीसा. पोरासाठी व्हय?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला.

"न्हाई," मी म्हणालो. "ह्यो माझा थोरला भाऊ. त्याची हाय. लढाईत त्याचा उजवा हात गेलाय."

एवढं बोलायला मला पाच महिने लागले होते. शेतकरी "आरं आरं" म्हणाला आणि मग मरळ कुठे लागते ते दादाला विचारू लागला. दादाने आधी खांद्यावरची शाल काढली, डाव्या हाताने मांडीवर तिची घडी घातली, आणि ती खाली सारून तिच्यावर बसला.

"बाक लय टोचतंय गड्या," तो मला म्हणाला.