कोंबडीच्या जागी शिंपी

अमेरिकेत अल्फारेटातल्या रविवारच्या मराठी शाळेत आसावरी देवस्थळींच्या वर्गाचं भारी नाव होतं. सहा-सात वर्षांची पोरं, घरी एक वाक्य सरळ मराठीत बोलतील तर शपथ, पण या वर्गात 'शिंप्याकडची कोंबडी' हे चित्रांचं पुस्तक घडाघडा वाचायची. कोंबडी शिंप्याच्या टोपलीत अंडं घालते आणि मग काही केल्या उठत नाही, एवढीच गोष्ट. आसावरीबाईंनी एकेकाळी ती आपल्या मुलाला रोज वाचून दाखवली होती, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर तेच पुस्तक घेऊन त्या शिकवायला लागल्या. त्या कोंबडीवर त्यांचा फार जीव.

जीव जडला की डोळ्यांवर झापडं येतात. गेल्या महिन्यात एका रविवारी कादंबरी नावाची मुलगी ती गोष्ट वाचत होती. ही वर्गातली सगळ्यात हुशार, आणि शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष शंतनू याची लेक. वाचता वाचता तिने चुकून दोन पानं एकदम उलटली. वाचन मात्र थांबलं नाही. जे पान उघडलंच नव्हतं त्यावरची वाक्यं तिने बोट फिरवत, हावभावांसकट म्हटली. आसावरीबाईंनी वाचन थांबवलं. त्यांनी एकेकाला जवळ बोलावलं आणि गोष्टीतलाच एखादा शब्द कागदावर सुटा लिहून दाखवला. एकालाही तो वाचता आला नाही.

यात पोरांचा काय दोष? आपल्याकडे तीन वर्षांच्या मुलाने पाहुण्यांसमोर श्लोक म्हटला की घर धन्य होतं. बाई स्वतः त्याच टाळ्यांवर वाढलेल्या. दर रविवारी त्यांनी ती गोष्ट सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घेतली होती आणि त्यालाच वाचन समजून बसल्या होत्या. खरं तर त्यांनी मुलांना कोंबडीची आरती शिकवली होती.

आणि कमिटीने नेमका हाच मुहूर्त गाठला. छोट्यांचा वर्ग चालू ठेवायचा की मुलांना सरळ अ‍ॅपवर बसवायचं, हे पालकांसमोर वाचन ऐकून ठरणार होतं. बाईंनी पुस्तक कपाटात टाकलं, शब्दांच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक अक्षर धरून शिकवायला सुरुवात केली. मुलं वैतागली. "मावशी, धिस इज बोरिंग. कोंबडी कुठे आहे?" कादंबरी म्हणाली. वेळ थोडा होता, आणि किती डोक्यात शिरतंय ते बाईंना कळत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी पालक आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसले. कादंबरीने कपाटातून आपणहून पुस्तक आणलं आणि सुरू झाली. बाईंनी तिला अडवलं नाही. गोष्ट संपली तशा टाळ्या पडल्या. शंतनूने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"मानलं तुम्हाला, मावशी," तो म्हणाला. "आता डिस्कस काय करायचं यार? वर्ग चालू राहणार."

आता फक्त गप्प बसायचं होतं. आणि बाईंना गप्प बसावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. घरी दुसरं कुणी नव्हतं, आठवड्यात वाट बघावी असा हा एकच दिवस होता. पण पोरगी आज टाळ्या घेऊन गेली असती तर पुन्हा कुणी तिला वाचायला शिकवलंच नसतं. येतंय म्हटल्यावर कोण शिकवणार?

"एक मिनिट, शंतनू," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. त्यांनी लिहिलं: शिंपी टोपलीत बसला. कोंबडी कपडे शिवू लागली.

"हे वाच बरं, कादंबरी."

"कोंबडी टोपलीत बसली. शिंपी कपडे शिवू लागला," कादंबरीने ठसक्यात म्हटलं आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.

कुणीतरी खाकरलं.

"मावशी, हे काय चाललंय?" शंतनूने विचारलं.

"तिला वाचता येत नाही. कुणालाच येत नाही. त्यांचं पाठ आहे. मीच करून घेतलं आणि मलाच कळलं नाही."

शंतनूचा चेहरा लाल झाला. "मग अ‍ॅपच बरं की. आणि हे सांगायला चारचौघांत माझ्या मुलीची फजिती करायला हवी होती का?"

कादंबरीची हनुवटी थरथरायला लागली होती. आपण फार वाईट केलं, असं बाईंना वाटलं. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. "चूक माझी आहे, बाळा. इथे चित्र नाहीये. पट्ट्यांवर शोधायचो तसं पहिलं अक्षर शोध. घाई नाही."

"कादंबरी, लेट्स गो." शंतनू उठला, दारापर्यंत गेला. ती जागची हलली नाही. नाक पुसत फळ्याजवळ गेली आणि अक्षरावर बोट ठेवलं.

"शिं," ती म्हणाली. बोट पुढच्या अक्षरावर आलं. "पी. शिंपी."

बाईंनी मान डोलावली.

"टो. प. ली. त. टोपलीत." बोट पुढे सरकलं, अडलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. "ब... स... ला."

ती थांबली. कपाळाला आठ्या घालून तिने ओळ पुन्हा पहिल्यापासून, एकेक अक्षर करत वाचली. आणि मग खदखदा हसत सुटली, इतकी की पोट धरून खालीच बसली.

"बाबा, शिंपी बसला. ऑन द एग. ही विल ब्रेक इट."

शंतनू दारातून परत आला. फोन खिशात टाकून तो मुलीशेजारी जमिनीवर बसला.

"पुढची ओळ वाच," तो म्हणाला.