मुंबई ते शिकागो, दोऱ्याने

लेक शिकागोला शिकायला निघाली, तेव्हा दीर तिला जीपने मुंबईला घेऊन गेले. बॅगांमुळे मला जागा उरली नाही. म्हणजे, असं मीच म्हटलं; विमानतळावर परक्यांसमोर रडायचं नव्हतं. नवरा आधीच वारलेला. आता जळोची गावच्या घरात मी एकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी हातात घेतली, तोच शेजारच्या आक्का ओरडल्या, "बाई, पोर पोचल्याबिगर केर काढू नगा!"

सासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यासकट असलं सगळं सोडलं होतं. मीही टिंगल करणाऱ्यांतलीच. पण केरसुणी गुपचूप कोपऱ्यात ठेवली. एकुलत्या एका लेकीच्या बाबतीत कसला आलाय बाणेदारपणा!

"कवा पोचंल?" आक्कांनी विचारलं.

"थांबा, सांगते."

इंदापूरच्या शाळेत मी भूगोल शिकवायची. शाळेचा पृथ्वीगोल सुट्टीत घरीच होता. मुंबईवर दोऱ्याचं टोक धरलं आणि शिकागोपर्यंत ताणलं. दोरा रशियाच्या डोक्यावरून, बर्फातून गेला. पोरीनं स्वेटर वरच्या पिशवीत ठेवलाय ना, हेच आधी मनात आलं. मग तोच दोरा चाळीस हजार किलोमीटरच्या विषुववृत्तावर धरून मोजला; जेमतेम तिसरा हिस्सा भरला. म्हणजे तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. तासाला नऊशे धरले, तर साडेचौदा तास. रात्री अकराला सुटलेलं विमान दुपारी दीडला पोचणार.

"आन् आमची यष्टी दीड तासात इंदापूर गाठत न्हाय," म्हणत आक्का गेल्या.

परदेशचा फोन परवडणारा नव्हता. म्हणून ठरलं होतं, पोचल्यावर तिनं दोनदा वाजवून ठेवायचा, मी उचलायचा नाही.

दीड वाजला. अडीच. फोन गप्प. वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. नाही नाही ते मनात येऊन गेलं. चारच्या सुमाराला डोक्यात उजेड पडला. लंडनला विमान बदलायचंय, हे तिनं दहादा सांगितलं होतं. आणि मुलांना नकाशा शिकवणारी मी दोरा सरळ ताणून मोकळी! मला ती लवकर पोचायला हवी होती, दुसरं काय. पुन्हा दोरा घेतला, लंडनवरून वळवला, तिथला मुक्काम धरला. संध्याकाळ होणार होती.

दिवेलागणीला फोन वाजला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा हात रिसीव्हरवर होता. त्याची थरथर बोटांना लागत होती. नुसतं 'आई' ऐकायला मिळालं असतं. उचलला नाही. फोन थांबला.

"पोचली!" मी मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं. मग मनसोक्त रडले, तोंड धुतलं, केर काढायला घेतला.

केरसुणीचा आवाज ऐकून आक्का दारात आल्या. "पोचली व्हय? काय म्हणली लेक?"

"नीट पोचली," मी म्हणाले. "विचारत होती, आई, जेवलीस का."